आठ ताटल्यांचं इंजिन

सकाळी दाढी करून निवृत्त फिटर बाहेरच्या खोलीत आला आणि जेवणाचं टेबल पाहून त्याच्या पायाखालची जमीनच सरकली. टेबल लख्ख होतं. कालपर्यंत तिथे आठ ताटल्या मांडलेल्या होत्या. प्रत्येकीत एक व्हॉल्व्ह, एक स्प्रिंग, एक रॉकर आणि नंबर लिहिलेला कागदाचा कपटा. आता ताटल्या धुऊन मांडणीत उभ्या होत्या आणि सगळं लोखंड एका टोपलीत एकत्र पडलं होतं. त्याला साबणाचा वास येत होता.

"ताई! हे कोणी केलं?"

"भुतं येऊन गेली," ताई हात पुसत म्हणाली. "कधीच्या उष्ट्या होत्या रे त्या ताटल्या? तीन पाण्यांनी धुतल्या तेव्हा कुठे काळं गेलं."

"आणि कागद?"

"कचरा टाकतात तिथे टाकला. कचऱ्याची गाडी घेऊन गेली तो मघाशीच."

फिटर खुर्चीत बसला. ताई त्याची थोरली बहीण, निवृत्त शिक्षिका, आणि ती काही नुसती पाहुणी म्हणून आलेली नव्हती. फिटरची बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. म्हातारा एकटा नीट राहतो की नाही, हे बघून यायला परदेशातल्या मुलानेच आत्याला धाडलं होतं. नापास झाला तर वृद्धाश्रमाचा फॉर्म तयार होता. ताई स्वतः सात वर्षं एकटीच राहत होती, पण तिची परीक्षा घ्यायला कोणी नव्हतं.

"मी त्याला फोनही केलाय," ताई म्हणाली. "सांगितलं, टेबलावर ग्रीस, ताटल्या काळ्याकुट्ट, आणि तुझा बाप गाडीशी गप्पा मारतो."

"अगं, ते इंजिन होतं! उघडलंय मी! सकाळी चालू केलं की खडखडतं, तापलं की गप्प होतं. म्हणजे टायमिंग चेन सैल झाली. वरून टिकटिक येते, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर झिजलेत. जो रॉकर फिरत्या दांड्याच्या ज्या कॅमवर, ज्या उंचवट्यावर झिजला तिथेच परत बसायला हवा. दुसऱ्याची चप्पल घातल्यासारखं होतं नाहीतर."

"पण ताटल्यांत कशाला?"

"घरात ताटल्या बारा आणि जेवणारा एक. आणखी काय करू त्यांचं?"

ताईने टोपली हळूच त्याच्यापुढे सरकवली. फिटरलाही आपण बोललो त्याचं वाईट वाटलं. खरं तर त्याला गाडीने कुठे जायचंच नव्हतं. जाणार कोणाकडे? पण इंजिन उघडल्यापासून दिवस लवकर संपायला लागला होता, एवढीच त्याची कमाई.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. ताईने घाईघाईने शब्द मागे घ्यायचा प्रयत्न केला, पण मुलगा बापासारखाच हट्टी.

"आत्या, तू त्यांची बाजू घेऊ नकोस. रविवारी मी व्हिडिओवर बघतो. गाडी चालू झालेली दिसली तर ठीक. नाहीतर सोमवारी फॉर्म देतो."

रविवारला चार दिवस होते. फिटरने टोपलीत हात घातला आणि काढून घेतला. सगळे रॉकर त्याला सारखेच दिसत होते. चष्म्याचा नंबर वाढलाय, हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं.

"आण इकडे," ताईने भिंग काढलं. "चाळीस पोरांच्या बिननावाच्या वह्या मी अक्षरावरून ओळखायचे. हे तर आठच आहेत."

आणि खरोखरच तिने ओळखले! ती रॉकरवरचे ओरखडे बघायची, मग कॅमवरचे. "हा डावीकडे घासलाय, चारचा. ह्याच्या तोंडावर खड्डा आहे, तिसऱ्या कॅमशी भांडलेला दिसतो." व्हॉल्व्हची परीक्षा फिटरने घेतली. व्हॉल्व्ह बसवायचा, वरून रॉकेल ओतायचं. खाली झिरपलं की तो परक्या घरात बसलाय. दोन दिवस घरभर रॉकेलचा वास होता. सगळे व्हॉल्व्ह आपापल्या घरी गेले. खड्ड्याचा रॉकर मात्र नवा आणावा लागला.

मग चेन. जुनी चेन त्याने आडवी धरली तर तिने लगेच मान टाकली. नवी ताठ राहिली. ताण देणारा दट्ट्या तर शेवटपर्यंत बाहेर येऊन थकलेला होता. खिडकीबाहेर उभ्या गाडीत इंजिन जोडून फिटर चेन चढवायला लागला. हे काम दोघांचं. एकट्याच्या सवयीने त्याने चेनला सुतळी बांधून खिडकीच्या गजाला अडकवली.

"मी काय शोभेला उभी आहे?" ताईने सुतळी सोडून चेन धरली. "बोल, कुठल्या खुणा जुळवायच्या?"

रविवारी मुलगा पडद्यावर आला. फिटरने किल्ली फिरवली.

"सुरू करा ना, बाबा."

"सुरू आहे."

मुलाला खरं वाटेना. शेवटी ताईने सायलेन्सरपुढे कागद धरला, तो फडफडला, तेव्हा पटलं.

"पास," ताईने निकाल दिला. "एकटा राहू शकतो हा. खुशाल राहू दे."

"सुटलो बुवा!" मुलगा म्हणाला. "मग आता दर आठवड्याला बघायची गरज नाही, बाबा. महिन्यातून एकदा करतो फोन."

सोमवारी फिटरने ताईला त्याच गाडीतून बसपर्यंत सोडलं. परत आला, एक ताटली काढली, जेवला, धुतली. मंगळवारी तेच. परीक्षेत तो पास झाला होता, आणि घर त्याला खायला उठलं होतं.

बुधवारी सकाळी त्याने गाडी सुरू केली, मोठा स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवला आणि दांडा कानाला लावला. खडखड नाही. टिकटिक नाही. जन्मभर चोख काम केल्याचा त्याला त्या दिवशी पहिल्यांदा राग आला. त्याने ताईला फोन लावला.

"ताई, गडबड आहे. पुन्हा आवाज येतोय. ऐक."

त्याने फोन इंजिनावर धरला. इंजिन मांजरीच्या पावलांनी चाललं होतं. फिटरने बराच वेळ फोन तसाच धरून ठेवला, मग भीत भीत कानाला लावला.

"ऐकलंस?"



"ऐकलं ना," ताई म्हणाली. "चांगलाच येतोय. चेनही सैल वाटतेय मला. हे काही दोन दिवसांचं काम नाही. मोठी बॅग घेऊन येते."