खाली काय हुतं?

आमच्या वास्तुशांतीला दोनशे दहा माणसं जेवली. त्यांतल्या दोनशे नऊ जणांनी फरशीचं, रंगाचं, निदान मसालेभाताचं तरी कौतुक केलं. एकट्या गणपाआण्णांनी पानावर बसण्याआधी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "वर काय बांधलंय ते ऱ्हाऊ दे. खाली काय हुतं?"

"ऊस होता, आण्णा."

"त्याच्या आदी?"

त्याच्या आधी काय होतं ते मला माहीत नव्हतं. आण्णा जेवले, पण प्रत्येक घासाला फरशीकडे संशयाने बघत.

आण्णा आमच्यापासून तिसऱ्या घरात एकटेच राहतात. कुठल्याशा वर्कशॉपात आयुष्य गेलं, आता सत्तरी ओलांडली आहे. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, आण्णा स्टीलचा चमचा ठेवतात. माती उकरायला. शेजारच्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा मुलाच्या वडिलांनी मोठ्या अभिमानाने नवीन दुकानाचा विषय काढला. आण्णा तिथे होतेच. "पावणं, दुकान झ्याक हाय. खाली काय हुतं?" पाहुण्यांचा चहा तसाच राहिला. लग्न जमलं, पण त्यात आण्णांचा काही हात नव्हता.

हा माणूस माझ्या व्यवहारात शिरेल असं मला वाटलं नव्हतं.

झालं असं, की आमच्या सौभाग्यवतींची कांदा-लसणाची चटणी घरच्या स्वयंपाकघरात मावेनाशी झाली. वर्षाला साडेतीनशे किलोवरून ती अकराशे किलोवर गेली होती आणि घरातल्या सगळ्यांना बाराही महिने शिंका येत होत्या. कांडप यंत्र बसवायला जागा हवी होती. गावाबाहेरच्या औद्योगिक भागात एक जुनी शेड मिळत होती. किंमत बावन्न लाख. मालक वारलेले, विकणाऱ्या त्यांच्या पत्नी. गेली वीस वर्षं तिथे पोत्यांचं गोडाऊन होतं, त्याआधी कागदोपत्री 'अभियांत्रिकी काम'. वकिलाने आठ हजारांत कागद तपासून दिले, स्वच्छ. आयुष्याची सगळी बचत त्यात घालायची आम्हा दोघांची तयारी झाली होती.

आण्णांनी पत्ता ऐकला आणि हातातली बशी खाली ठेवली.

"कागद तपासलं. माती तपासली काय?"

"आण्णा, मी तिथे मिरची कांडणार आहे. भुईमूग लावणार नाही."

"मिरची धुणार कशानं? बोअरच्या पाण्यानंच की!"

त्यांनी माझा पिच्छा पुरवला. सकाळी दूध आणायला जाताना फाटकात उभे, संध्याकाळी मी ऑफिसातून येताना फाटकात उभे. शेवटी हीच म्हणाली, "करून टाका एकदाचं. चटणी माझ्या नावानं जाणार हाय."

तपासणीवाल्या कंपनीचं दरपत्रक आलं. मी सहकारी संस्थेत हिशेब बघतो, आकड्यांना घाबरत नाही. हे आकडे बघून मात्र मी पाणी प्यायलो. जुने कागद, नकाशे आणि जागेची पाहणी, पंचवीस हजार. मग जमिनीत भोकं पाडून माती-पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत, प्रत्येक भोकाला अठरा हजार. तीन भोकं. वर अठरा टक्के कर. एकूण त्र्याण्णव हजार दोनशे वीस रुपये, म्हणजे जागेच्या किमतीच्या शेकडा पावणेदोनहून थोडे जास्त. आणि एवढं देऊन हाती काय, तर 'काही नाही' असं लिहिलेला कागद! काही नाही हे मला फुकटात माहीत होतं.

भोकं पाडायच्या दिवशी ही आली, आण्णाही बरोबर आलेच. फाटकाशी त्यांनी चपला काढल्या, हात जोडले. जवळपास मारुतीचं देऊळ असेल म्हणून मी इकडेतिकडे बघितलं, दिसलं नाही. मालकीणबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांच्यासमोरून जाताना आण्णांनी टोपी नाकापर्यंत ओढली.

तपासणीला आलेली इंजिनिअर मुलगी हुशार होती. नकाशावर तीन खुणा करून तिने यंत्र लावलं. तिसरं भोक होत आलं आणि आण्णा मागच्या कुंपणाच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले.

"बाई, एक हितं मारा."

"काका, तिथे कशाला? तिथे कधी काही नव्हतं."

"गवत बगा की. सगळीकडं हाय, हितं न्हाय."

मी मनातल्या मनात आकडा मांडला. एकवीस हजार दोनशे चाळीस, करासकट. "आण्णा," मी शक्य तितक्या शांतपणे म्हणालो, "गवत उगवलं नाही म्हणून एकवीस हजार?"

"लेका, मिरचीच्या दोन पोत्यांचा हिशेब घालतोस आनि पोटात काय जाणार त्याचा न्हाय?"

सगळ्यांसमोर 'लेका' ऐकून माझं डोकं फिरलं. हिने माझ्याकडे नुसतं बघितलं. चौथं भोक पाडलं.

वीस दिवसांनी अहवाल आला. पहिली तीन भोकं निर्दोष. चौथ्यात क्रोमियम आणि निकेल, मर्यादेच्या कितीतरी वर. पाण्यापर्यंत अजून उतरलेलं नव्हतं. तिथे कधीकाळी धातूला मुलामा देण्याचं काम चाललं असावं, असं त्या मुलीने लिहिलं होतं.

मी अहवाल घेऊन तसाच आण्णांच्या घरी गेलो. "तुम्हाला माहीत होतं! मग आधीच का नाही बोललात? तीन भोकांचे त्रेसष्ट हजार सातशे वीस वाचले असते माझे!"

आण्णा लसूण सोलत होते. सोलता सोलताच म्हणाले, "सांगितलं असतं तर मालकांचं नाव घ्यावं लागलं असतं."

"म्हणजे?"

"सतरा वर्सं हुतो तितं. हौदातलं पानी बदललं की जुनं पानी कोपऱ्यात वतायचं. मीच वतायचो, बादलीनं. मालकांनी कवा इचारलं न्हाय कुठं वततोस, मी कवा सांगितलं न्हाय. माज्या पोरीच्या लग्नात मांडव त्यांनी घातला. त्यांचं मीठ खाल्लंय, माज्या तोंडातनं त्यांचं वाईट कसं निघंल? म्हनून यंत्राच्या तोंडातनं काढलं."

मग मालकीणबाई आणि मी समोरासमोर बसलो. कोपऱ्यातली माती काढून सरकारमान्य ठिकाणी पोचवायला चार लाख दहा हजार लागणार होते. त्यांनी किमतीत चार लाख सोडले. दहा हजार मी सोसले. माती गेली, खड्ड्यात नवीन मुरूम-माती पडली. बोअर मी तरीही बंद केलं आणि नळाचं पाणी घेतलं.

इथे तरी आण्णांनी गप्प बसावं? पहिल्या मिरचीची पूजा चालली असताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "ही भरावाची माती कुठनं आणली? खाली काय हुतं तितं?" मी हात जोडले. तरी पुढच्या आठवड्यात मुकाट्याने तिचाही नमुना पाठवला. तो चांगला निघाला, हे इथे नमूद करतो.

त्यानंतर आण्णा एक जास्वंदीचं रोप घेऊन आले. चमच्याने खड्डा केला, त्याच कोपऱ्यात लावलं.

"दर पावसाळ्यात कुंपणावरनं उतरून हितं रोप लावत हुतो," ते म्हणाले. "गोडाऊनचा वॉचमन हाकलायचा. एकबी धरलं न्हाय."

"किती लावलीत?" मी सवयीने विचारलं.

त्यांनी चमचा पुसून खिशात ठेवला.

आता ते रोज सकाळी दहाला येतात. कांडप यंत्राच्या आवाजात बोलणं होत नाही, मिरचीने डोळे चुरचुरतात, कामाला येणाऱ्या बायकांना जाता-येता त्यांची अडचण होते. मी दहादा सांगून बघितलं. काल वैतागून मागे गेलो, तर आण्णा रोपाशी उकिडवे बसले होते. बोटाने एकेक पान उचलून मोजत होते.

मी तिथेच थांबलो. मोजताना माणसाला मध्ये बोललेलं चालत नाही, हे मला माहीत आहे.

"सात," आण्णा मागे न बघता म्हणाले. "परवा पाच हुती."