अप्पांच्या दारातले व्हिजिटर आणि गेस्ट

आमच्या शेजारच्या अप्पा बोरस्त्यांकडे चहा मिळणार की नुसतं पाणी, हे तुम्ही इंग्रजीत कोण आहात यावर ठरायचं. "व्हिजिटरला पाणी, गेस्टला चहा!" हा त्यांच्या घरचा कायदा.

सातपूरच्या एका कारखान्याच्या गेटवर त्यांनी नोकरी केली. व्हिजिटरला पास द्यायचा, गेस्टला सलाम ठोकायचा. नव्वद सालाच्या सुमारास रिटायर झाले, पण गेट काही डोक्यातून जाईना. "सर, काम घेऊन येतो तो व्हिजिटर. बिनकामाचा येतो तो गेस्ट. बेसिक डिफरन्स हे हा!" मला ते 'सर' का म्हणायचे, देव जाणे. मी पोस्टात होतो.

एकदा आमचा गॅस संपला म्हणून त्यांच्याकडे जादाचं सिलिंडर मागायला गेलो. "काम हे? मग व्हिजिटर," म्हणत त्यांनी दारातच पाण्याचा तांब्या पुढे केला. मग स्वतः सिलिंडर उचलून आमच्याकडे आणलं, जोडून दिलं आणि खुर्चीत ऐसपैस बसले.

"अप्पा, तुम्ही तर कामाला आलात!"

"काम झालं ना? आता गेस्ट. साखर जरा जास्त."

कहर झाला सुनंदाच्या वेळी. आईविना वाढवलेली त्यांची एकुलती लेक. दिंडोरीची मंडळी तिला बघायला आली. पोह्यांचा वास बाहेरच्या ओट्यापर्यंत पोचलेला, पण अप्पांनी सगळ्यांपुढे फक्त पाणी ठेवलं. मी कानाशी लागलो, "अप्पा, पोहे?"

"पोरगी न्यायला आलेत, सर. याहून मोठं काम कोणतं?"

शेवटी सुनंदानेच बशा बाहेर आणल्या. मुलाचा मामा दुसरी बशी संपवून लग्न ठरवूनच उठला.

लग्नानंतर ती पहिल्यांदा राहायला येणार, त्या दिवशी अप्पा सकाळपासून आत-बाहेर करत होते. मी डिवचलं, "काय अप्पा, आज गेस्ट!"

"तिला गेस्ट म्हणायचं नाय!" ते खेकसले.

तेवढ्यात बेल वाजली. दार सताड उघडं, आणि सुनंदा उंबऱ्याबाहेर उभी. नवी साडी, हातात द्राक्षांची पेटी.

"बेल वाजवलीस?" अप्पांच्या तोंडून एवढंच निघालं.

"असंच, अप्पा. हात गेला," ती ओशाळून म्हणाली.

संध्याकाळी पाहतो तर अप्पा स्टुलावर चढून पकडीनं बेल उचकटत होते.

"खराब झालीय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

"चांगली वाजते की!" आतून सुनंदा ओरडली.

अप्पांनी पकड आणखी जोरात पिळली. मी मुकाट्यानं स्टूल धरलं.