नानांचं हपीस

आमच्या शेजारचे नाना रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, हातात डबा घेऊन पुढच्या दाराने कामाला निघत. एसटी स्टँडपर्यंत चालत जात, तिथे एक कटिंग चहा घेत आणि परत येऊन मागच्या दाराने स्वतःच्याच घरात शिरत. मागची खोली हे त्यांचं हपीस. संध्याकाळपर्यंत नाना घरी आहेत असं म्हणायची कोणाला सोय नव्हती. काकीसुद्धा दारात आलेल्याला सांगत, "हे कामावर गेलेत. मागच्या बाजूने जा."

नाना पूर्वी भातसानगरला धरणाच्या कामावर नकाशे काढत. काम आटोपलं, माणसं कमी केली, तेव्हा ते शहापूरला येऊन लोकांच्या घरांचे नकाशे काढू लागले. पुढे मी कामाला होतो ती मुरबाडची कंपनी बंद पडली आणि मीही घरीच कॉम्प्युटरवर टायपिंगची कामं घेऊ लागलो. एकदा मी लुंगीवर, जेवता जेवता टाइप करताना नानांना दिसलो.

"घरात बसून काम करायचं ना, तर आधी घराबाहेर पड," ते म्हणाले. "डोक्यावर साहेब नसला की माणूस एकतर लोळतो, नायतर स्वतःला बैलासारखा जुंपतो."

मी येईल ते काम घ्यायचो. त्यावरही ते म्हणाले, "'हो' काय, कोणीपण म्हणतो. 'नाय' म्हणायला शीक."

स्वतः नाना मात्र लोळणाऱ्यांतले नव्हते, जुंपणाऱ्यांतले होते. कोणी बारशाला बोलावलं तर म्हणत, "साहेबांना विचारून सांगतो." मग क्षणभर डोळे मिटत. "रजा नाय मिळायची." आम्ही हसायचो. काकी हसायच्या नाहीत. "नोकरी होती तवा रविवार तरी मिळायचा," एवढंच म्हणायच्या.

मग काकी आजारी पडल्या. कल्याणच्या डॉक्टरांनी, आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी नाना हपिसातलं टेबल ओढताना दिसले. मी हात लावला. टेबल काकींच्या खाटेशी नेऊन ठेवलं.

"बदली झाली माझी," नाना म्हणाले.

इतक्या वर्षांत काकींनी त्यांना काम करताना पहिल्यांदाच पाहिलं असेल. उशीला टेकून त्या कागदाकडे बघत राहायच्या.

"हे काय हो?"

"सैपाकघराची खिडकी."

"एवढुशी? धूर कुठं जाईल? बाईला काय दिसंल?"

नानांनी ती खोडली आणि मोठी काढली. त्यानंतरच्या प्रत्येक नकाशात सैपाकघराची खिडकी काकींना विचारून ठरे. धसईच्या एका घरमालकाने, भिंत वाया जाते म्हणून कुरकुर केली. नाना म्हणाले, "मग दुसऱ्याकडनं काढून घ्या."

पावसाळा संपता संपता काकी गेल्या. दिवसकार्य झाल्यावर नानांनी टेबल पुन्हा मागच्या खोलीत नेलं. पण आता ते संध्याकाळी उठेनात. दिवेलागणीला मी मागच्या दाराने आत डोकावलो.

"नाना, हपीस सुटलं नाय अजून?"

त्यांनी घराकडचं मधलं दार लोटून घेतलं होतं.

"थांब जरा," ते हळूच म्हणाले. "हितं बसलो की वाटतं, ती तिकडं घरात हाय."

मी स्टूल ओढून बसलो. नानांनी दिवा लावला आणि पेन्सिलीला टोक करायला घेतलं. समोर कोरा कागद होता.