देवरावकाकांचा झोला

माझे देवरावकाका फोनवर कधी 'हॅलो' म्हणत नाहीत. ते म्हणतात, "गाडी निघाली!" आणि फोन ठेवून देतात.

याचा अर्थ असा, की मोर्शीहून सुटलेल्या एस.टी.त, ड्रायव्हरच्या सीटमागे, माझ्यासाठी एक झोला ठेवलेला आहे आणि मी हातातलं काम टाकून अमरावतीच्या स्टँडवर हजर व्हायचं आहे. हातात काय काम आहे, हे काका विचारत नाहीत. समोर वर्गातली मुलं असोत, कढईत फोडणी असो की अंगात ताप असो. गाडी सुटल्यावरच फोन करायचा, ही त्यांची युक्ती. आधी केला तर पोरगी 'नको' म्हणेल ना!

मी शाळेत शिकवते. पन्नाशी जवळ आली, जिना चढताना गुडघे कुरकुरतात. खरं सांगू? या झोल्यापायी मी अगदी मेटाकुटीला आले आहे.

झोल्यात काय नसतं! हंगामात काकांच्या बागेतली संत्री. एरवी तुरीची डाळ, अंबाडीची भाजी, लसूण, एखादं कोहळं. तोंड सुतळीनं असं आवळलेलं की शेवटी विळीच घ्यावी लागते. मी एकदा तक्रार केली, तर म्हणाले, "गाठ माराची त गाठ माराव. फूल नाही बनवाव!" झोला द्यायचा तो ड्रायव्हरकडे, कंडक्टरकडे चुकूनही नाही. "कंडक्टर गाडीभर फिरत राह्यते. ड्रायव्हर कुठी जाते?"

ड्रायव्हर कुठे जात नाही, पण झोला जातो. एकदा मला शाळेतून निघायला उशीर झाला आणि आमचं कोहळं माझी वाट न पाहता थेट चांदूर रेल्वेला गेलं. दुसऱ्या दिवशी परत आलं. काका वर मलाच म्हणाले, "कोहयानं चांदूर पाहून घेतलं. तू तरी पाह्यलं का कधी?" एकदा झोल्यांची अदलाबदल झाली. घरी येऊन उघडते, तर आत कुण्या नवरदेवाचे मोजडीचा जोड आणि फेटा! तो नवरदेव तिकडे आमची तुरीची डाळ घेऊन मांडवात बसला असेल. एकदा तर कहर झाला. फोन आला, "गाडी निघाली! झोल्यासंग एक बुढी हाय. तिचे डोये दाखवून दे." बुढी काकांच्या शेजारची. माझी किरकोळ रजा डोळ्यांच्या दवाखान्यात गेली, आणि बुढीनं संध्याकाळी परतीच्या गाडीत बसताना मला सांगितलं, "चष्मा त माह्याकडं हाय वं, मले फक्त अमरावती पाहाची होती."

आमची बदली अकोल्याला झाली होती तेव्हाही सुटका नव्हती. झोला अमरावतीला गाडी बदलायचा. मोर्शीच्या ड्रायव्हरनं तो अकोल्याच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायचा, असा काकांचा बंदोबस्त. आमचे हे म्हणायचे, "एवढी विचारपूस तर जावयाचीही होत नाही."

मूळ गोष्ट अशी. आई आधीच गेली होती, मला भाऊ नाही. बाबा गेले, त्यांच्या तेरवीला बायका माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणायला लागल्या, "पोरीचं माहेर तुटलं वं माय." काका पंगतीत वाढत होते. वरणाची बादली हातात तशीच धरून ते गरजले, "काहून तुटलं? आमी काय मेलो का?" त्याच आठवड्यात पहिला झोला आला.

काका-काकूंना मूल नाही. काकू होत्या तोवर झोल्याला चव होती. त्या गेल्या आणि काका स्वतःच लोणचं घालायला लागले. त्यात मिठाचा असा हात सुटलेला असतो, की मी ते घासभर खाते आणि तांब्याभर पाणी पिते.

तर यंदा चैत्रात, भर दुपारी, "गाडी निघाली!" बाहेर अंगाची लाही होत होती. रिक्षा मिळेना. स्टँडवर गाडी उशिरा आली. झोला उचलला तर खांदा भरून आला. वाटेत ठरवून टाकलं, आज सांगायचंच. काका, आता नका पाठवू, इथं सगळं मिळतं. घरी आल्यावर ह्यांनीही बळ दिलं, "सांगून टाक एकदाचं. तुझेही हाल, त्यांचेही हाल."

सुतळी कापली. आत संत्री. एक सोलायला घेतलं, तर साल निघेना. आमच्या संत्र्याची साल कशी, नख लावलं की मोकळी होते. ही घट्ट चिकटलेली. दुसरं घेतलं, तेच. मग पाहिलं, तर प्रत्येक फळावर एक छोटा चिकट डाग. काहीतरी खरवडून काढल्याचा. झोल्याच्या तळाशी एक फळ सापडलं, त्यावर ते राहून गेलं होतं. चकचकीत, गोल स्टिकर.

किन्नू! संत्र्यासारखाच दिसणारा, पंजाबकडचा, बाजारातला. मोर्शीच्या संत्रावाल्यानं किन्नू विकत घ्यावा, ही काय नामुष्की आहे, हे आमच्याकडच्या माणसालाच कळेल. काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. बोटानं चाचपत एकेक स्टिकर काढत ते किती वेळ बसले असतील, कोण जाणे.

फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला. "पोचलं का?"

"पोचलं. काका, संत्री आपल्या झाडांची का हो?"

"मंग कोनाची?" आवाज चढला. मग उतरला.

"झाडं नाही राह्यली वं बाई. मांगच्या उन्हायात पानी नोतं. वायली. तोडून टाकली."

"मग मला काहून नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं त तू म्हटलं असतं, आता नोका पाठवू. मंग मी फोन कोनाले केला असता?"

ते वाक्य माझ्या जिभेवर तयारच होतं. माझ्या डोळ्यांना धार लागली. पदरानं तोंड पुसलं आणि मिळेल तो विषय धरला.

"काका, तिकडं कैऱ्या आल्या का?"

"आल्या ना! काहून?"

"इथं चांगल्या मिळत नाहीत हो."

नेमका तेव्हाच खिडकीखालून आमचा रोजचा हातगाडीवाला ओरडत गेला, "कैरीऽऽ, ताजी कैरीऽऽ!" त्याचा गळा असा, की मोर्शीला फोनशिवायही ऐकू जावा. मी डोळे मिटून घेतले.

"नाही ना मियत?" ते हळूच म्हणाले. "मले मालूमच होतं. उद्याच पाठवतो. दुपारच्या गाडीनं."

दुपारच्या गाडीनं. या उन्हात.

"पाठवा," मी म्हटलं.