चौकटीतलं बारीक अक्षर

तोंडात टाचण्या असताना टेलरमास्तर जे काही बोलत, त्यातलं निम्मं त्यांच्या मनात नसे. गिऱ्हाइकांना हे ठाऊक होतं. 'मंगळवारी नक्की' हे टाचण्यांमधून आलं की ती निमूट गुरुवारी येत. बायकोला तर तीस वर्षांच्या संसारात हे चांगलंच ठाऊक होतं. तरीही त्या दुपारी तिने विचारलं, "आपण ते बघायला जाऊ या का?" मास्तर टाचण्यांमधून म्हणाले, "जाऊ की." आणि तिने ते दोन शब्द तिथल्या तिथे पदरात पाडून घेतले.

'ते' म्हणजे कापडाचं विणकाम. दवाखान्यातली एक सिस्टर दूरच्या एका बेटावरच्या देशात दोन वर्षं नोकरी करून आली होती आणि तिकडचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड तिने जॅकेटसाठी टाकलं होतं. दुकानातली काजं-बटणं आणि हातशिलाई बायकोकडे असे. तिने ते कापड उलटं केलं, सुलटं केलं, उजेडात धरलं. उलटी बाजूच सापडेना, कुठे एक गाठ दिसेना. दक्षिणेकडच्या एका गावात बायका अंगणात बसून ते विणतात, एवढंच सिस्टर सांगू शकली. "दोन वर्षांत मी त्या देशाचा एक कोपरा पाहिला असेल," असंही ती म्हणाली. (बिचारीला नाइट ड्यूटी फार असणार, असा मास्तरांनी त्याचा अर्थ लावला.) तेव्हापासून बायको जेवता जेवता हात थांबवून विचारायची, "अहो, पण गाठी जातात कुठे?"

मास्तरांना गाठींचं काही पडलं नव्हतं. पण वाचनालयातून त्या देशावरचं पुस्तक आणलं आणि तेही नादाला लागले. एकाच बेटावर काय काय लोक! पूर्वेला पाण्यात खांब रोवून त्यावर घरं बांधणारे कोळी. मधल्या डोंगरांत दर खोऱ्याची भाषा वेगळी. पश्चिमेच्या बंदरात चार देशांतून आलेले व्यापारी. उत्तरेला गुरांमागे फिरणारे गुराखी. त्यातले बरेचसे लोक म्हणे न शिवलेलं कापड नुसतं अंगाला गुंडाळतात. हे वाचल्यावर मास्तरांना तिथल्या शिंप्यांची काळजी लागून राहिली. अशा देशात शिंपी पोट कसं भरत असेल, हे त्यांना एकदा डोळ्यांनी बघायचंच होतं.

इथवर सगळं ठीक होतं. पण अर्धवट काम अंगावर घ्यायचं नाही, हा मास्तरांचा बाणा. "बघायचं तर अख्खं बेट," त्यांनी जाहीर केलं, "नाहीतर घरी बसलेलं बरं."

मग लेकीचा शाळेतला जुना ॲटलास माळ्यावरून निघाला. पान उघडलं. बेट पानाच्या कोपऱ्यात एका चौकटीत होतं. मास्तरांनी गळ्यातली टेप काढली आणि एखाद्या गुटगुटीत गिऱ्हाइकाची कंबर मोजावी तशी बेटाची किनार मोजली. बारा सेंटीमीटर. पानाखाली छापलं होतं, एक सेंटीमीटर म्हणजे पन्नास किलोमीटर. म्हणजे सहाशे. त्यात शिलाईच्या सवयीने त्यांनी एक सेंटीमीटर मार्जिन सोडलं. साडेसहाशे.

"एवढंच?" ते जवळजवळ निराश झाले. "आठ दिवसांत आरामात होईल."

बायकोने पानावर वाकून पाहिलं, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "होईल ना. मी तिकिटं काढते."

तिने खरोखरच दुसऱ्या दिवशी जाऊन विमानाची जाण्यायेण्याची तिकिटं काढली. दक्षिणेच्या विमानतळावर उतरायचं, आठ दिवसांनी तिथूनच परत. गोल फिरून येणार म्हटल्यावर सुरुवात कुठूनही केली तरी सारखीच, म्हणून मास्तरांनी हरकत घेतली नाही.

पुढचे तीन आठवडे मास्तरांनी गिऱ्हाइकांची मापं कमी आणि बेटाची जास्त घेतली. खाकी कागदावर बेटाचा आकार कापून त्यांनी तो दुकानात बाकीच्या कापलेल्या कागदांशेजारी टांगला. (एका गिऱ्हाइकाने, ही नव्या फॅशनची बाही का, म्हणून विचारलंही.) त्यावर निळ्या खडूने वेळापत्रक होतं. सोमवारी सकाळचा नाश्ता कोळ्यांकडे, दुपारचं जेवण डोंगरात, संध्याकाळी बंदर. गुराख्यांना अर्धा तास, कारण गुरं सगळीकडे सारखीच. प्रत्येक दिवसाचे कागद वेगळे राहावेत म्हणून त्यांनी स्वतःसाठी आठ खिशांचा शर्टही शिवला.

बायकोने एकच मागणं केलं. विणकर बायकांच्या गावी तिला दोन दिवस हवे होते. नुसतं बसून बघायचं होतं, जमलं तर हात लावून पाहायचं होतं. तीस वर्षं ती दुसऱ्यांच्या कपड्यांचे धागे आत दडवत आली होती आणि त्या बायकांना दडवण्यासारखं काही उरतच नव्हतं. हे तिला मनापासून शिकायचं होतं. मास्तरांनी वेळापत्रक वरून खाली तपासलं.

"पंचेचाळीस मिनिटं," ते म्हणाले. "त्याच्यावर एक मिनिट नाही. पुढे सगळंच गडबडेल."

तिने जॅकेटचं पुढचं काज करायला घेतलं.

निघायला चार दिवस उरले तेव्हा मास्तर गाडी ठरवायला ट्रॅव्हल कंपनीत गेले. तिथल्या मुलीने खाकी बेट टेबलावर पसरलं, सगळं नीट वाचलं आणि नम्रपणे विचारलं, "काका, हे हेलिकॉप्टरने करायचंय का?" गाडीने फिरायला महिना दीड महिना लागतो, ती म्हणाली. मास्तर खवळले. गेल्या तीस वर्षांत आपल्या मापाला कुणी नाव ठेवलेलं नाही, असं तिला सुनावून ते तडक घरी आले. ॲटलास घेऊन परत जायचं आणि तिच्या डोळ्यांसमोर टेप लावायची, असा त्यांचा बेत होता.

बायको जॅकेटला शेवटचं बटण लावत होती. "त्या मुलीला जाऊन दाखवतोच," मास्तर पान उघडत म्हणाले. "बारा सेंटीमीटर म्हणजे बारा सेंटीमीटर."

बायकोने दोरा तोडला. मग दुकानाचं पावतीबुक पुढे ओढून ॲटलासशेजारी ठेवलं. पावतीच्या कोपऱ्यात मास्तरांनीच छापून घेतलेली एक छोटी चौकट होती, कापड धुतल्यावर आटल्यास दुकान जबाबदार नाही. भांडायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मास्तर त्या चौकटीवर बोट ठेवून एकच वाक्य ऐकवत. आज बायकोने ॲटलासमधल्या चौकटीवर बोट ठेवलं आणि तेच वाक्य अगदी त्यांच्याच सुरात म्हटलं.

"चौकटीतलं बारीक अक्षर वाचलं नाहीत का?"

मास्तरांनी चष्मा पुसला. बेट पानात मावत नव्हतं म्हणून कोपऱ्यात लहान करून छापलं होतं आणि चौकटीच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, एक सेंटीमीटर म्हणजे अडीचशे किलोमीटर. मास्तरांनी मनात गुणाकार केला. तीन हजार. तेही मार्जिन न धरता.

ते स्टुलावर बसले. बराच वेळ आठ खिशांपैकी एकाचं बटण उघडत-लावत राहिले.

"तू हे कधी वाचलंस?"

"पहिल्याच दिवशी."

"आणि बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही घरी बसला असता. अख्खं बघायचं, नाहीतर बघायचंच नाही. मला गाठी बघायच्या होत्या हो."

मास्तरांना रागावायचं होतं, पण राग येईना. उलट, इतक्या वर्षांत हिने दुसरं काहीच मागितलं नाही, हे त्यांना आठवलं. ते उठले आणि ओल्या फडक्याने खाकी बेटावरचा सगळा निळा खडू पुसून टाकला. कोळी गेले, डोंगर गेले, गुराखीही गेले. मग त्यांनी खडू बायकोच्या हातात दिला.

तिने दक्षिणेच्या टोकाला एक ठिपका काढला. विमानतळापासून बसने एक तास, हेही तिने सिस्टरकडून आधीच काढून ठेवलं होतं. ठिपक्याशेजारी तिने लिहिलं, आठ दिवस.

"छान," मास्तर म्हणाले. मग जरा घुटमळून, टाचण्या नसलेल्या तोंडाने त्यांनी विचारलं, "त्या गावात एखादा शिंपी असेलच. त्याच्याकडे जरा बसायचं होतं मला. एखादा दिवस?"

बायकोने वेळापत्रक वरून खाली तपासलं.

"पंचेचाळीस मिनिटं," ती म्हणाली. "आणि टेप घरी ठेवून."