हवेला बाहेर जायची वाट

आमच्या बजाजनगरात कचरूमामा कुणाच्याही घरी गेले, की खिशातून उदबत्ती काढून पेटवतात. देवासाठी नव्हे. खोलीच्या मधोमध उभं राहून धूर कुठं जातो ते बघतात आणि घरमालकाला सुनावतात, "हवा येती, पण जायला वाटच नाय!" माझ्या वास्तुशांतीला तर त्यांनी होम चालू असताना गुरुजींनाच सांगितलं, "जरा दोन हात सरका, धूर तुमच्यामुळं अडतोय." गुरुजी निमूट सरकले.

कारखान्यात पत्रा ठोकण्यात मामांची हयात गेली. निवृत्त झाले आणि त्यांच्या तावडीत सापडली एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी बनवलेली रेसिंग कार. ती पाच फेऱ्या मारायची आणि इंजिन तापून बसकण मारायची. स्पर्धा पंधरा दिवसांवर आलेली. पोरांनी हवा आत घ्यायचं तोंड आणखी मोठं केलं, तर गाडी चौथ्याच फेरीला बसली.

"कूलर लावून खिडक्या बंद करता का रे घरी?" मामा कडाडले. "नुसती आत कोंबून काय उपेग? रेडिएटरमागची गरम हवा काढा आधी!"

मग मामा इरेला पेटले. गाडी त्यांच्या अंगणात, समोर कूलर आणि तोंडाशी उदबत्ती. धूर आत जिथं घुटमळेल तिथं खडूची खूण करायची, पत्रा कापायचा, वाकवायचा, पुन्हा उदबत्ती लावायची. रेडिएटरच्या कडेची फट न् फट त्यांनी बुजवली. म्हणायचे, "हवा लई आळशी. फट दिसली की तिकडूनच पळती." दहा दिवस आमच्या गल्लीला मठाचा वास येत होता.

गाडी चालवणार होती त्याच कॉलेजात शिकणारी मामांचीच मुलगी, अंजली. मामांना ते मुळीच पसंत नव्हतं. त्यावरून बापलेकीत दोन महिने अबोला. ती सीटवर बसून बघायची आणि टीमच्या कॅप्टनला सांगायची, "पप्पांना सांग, पत्रा कोपराला लागतोय." मामा तिच्याकडं न बघता पत्रा घासून द्यायचे. मग एवढी मेहनत कशासाठी, असं मी विचारलं, तर म्हणाले, "मशीनसाठी."

चाचणी चिकलठाण्याच्या एका मोकळ्या मैदानात झाली. गाडीनं सलग वीस फेऱ्या मारल्या आणि तापमानाचा काटा जागचा हलला नाही. पोरं नाचायला लागली. तेवढ्यात कॅप्टनला गाडीच्या नाकातून सीटकडं गेलेली एक नळी दिसली.

"मामा, ही तर रेडिएटरला जातच नाही. उगाच वजन. काढून टाकू का?"

मामांनी त्याचा हात घट्ट धरला. "तिला हात लावायचा नाय."

"पण ही आहे कशासाठी?"

अंजली गाडीतच बसून हेल्मेट काढत होती. मामा खालच्या आवाजात म्हणाले, "इंजिन तापलं तर काटा सांगतो. ही पोरगी भाजून निघाली तरी सांगायची नाय."

अंजलीनं ते ऐकलं होतं. घामानं चिकटलेले केस तिनं मागं सारले आणि कॅप्टनकडं न वळता सरळ बापाला म्हणाली, "पप्पा, नळी जरा वर घ्या. तोंडावर वारा येऊ द्या."