गाडीचे कान

आमच्या दर्यापुरात गाडीचे कान ओढून गाडी चालवणारा माणूस एकच, आमचे शेजारी गुलाबराव वानखडे. गाडी त्यांच्या मुलाची, प्रशांतची. निळी, बुटकी, जमिनीला पोट टेकवून बसलेली. प्रशांतने पुण्यात नोकरीला असताना हौसेने घेतली, मग कंपनीने त्याला परदेशात पाठवलं आणि गाडी बापाच्या अंगणात येऊन पडली. ‘चालवत राहा बाबा, नाहीतर बॅटरी उतरते,’ एवढं सांगून गडी विमानात बसला. सहा सेकंदांत शंभराचा वेग घेणारी ही गाडी आमच्या गल्लीत म्हशींच्या मागून, म्हशींच्याच चालीने, गुपचूप जायची.

तिला क्लच नाही. गिअर आपोआप पडतात. पण ज्याला स्वतः गिअर टाकायची खाज असेल त्याच्यासाठी स्टिअरिंगच्या मागे दोन बाजूंना दोन पात्या दिल्या आहेत, शर्यतीच्या गाड्यांना असतात तशा. उजवी ओढली की गिअर वर, डावी ओढली की खाली. गुलाबराव त्यांना कान म्हणायचे. ‘डावा कान ओढला का गाडी दबते, उजवा ओढला का सुटते. लय सोपं हाय, सर.’ आणि प्रत्येक गिअरच्या आधी ते पुकारा करायचे. ‘दुसरा!’ म्हणायचे, क्षणभर थांबायचे, मगच कान ओढायचे. एसटीचा कंडक्टर थांब्यांची नावं पुकारतो तसं. काच खाली असली की आम्हाला ओट्यावर बसून ऐकू यायचं. मी त्याची हुबेहूब नक्कल करत असे आणि आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये ती चांगली चालायची.

ते सगळं सांगतोच आहे, पण एक गोष्ट आधी सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही माझ्याबरोबर हसणार नाही. त्या उन्हाळ्यात ती निळी गाडी रोज सकाळी गुलाबरावांच्या बायकोला, वच्छलाकाकूंना, अकोल्याच्या दवाखान्यात नेऊन आणत होती. काकूंना कॅन्सर होता आणि तो मणक्यात उतरला होता. काकू बहिणीकडे जातात असं सांगितलं होतं, खरं गल्लीत कोणाला माहीत नव्हतं. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या मलाही नाही.

गुलाबरावांनी तीस वर्षं संत्र्याचा ट्रक चालवला. मोर्शी-वरुडकडच्या बागांतून माल भरायचा आणि अमरावतीच्या मार्केटात उतरवायचा. त्यांच्या गाडीतल्या संत्र्याला मार लागत नाही अशी त्यांची ख्याती होती, आणि तिचा त्यांना फार गर्व होता. ‘सर, आंब्याचं झटक्यानं लगेच भजं होते. संत्रं तसं नाई. वरून चकाचक दिसते. मार लागला तं तिसऱ्या दिवशी कयते. तवर माल दिल्लीले गेला रायते आन् शिव्या मले.’ म्हणून ते ब्रेकला पाय कमी लावायचे आणि खड्डा दिसायच्या आधीच गिअर उतरवून गाडी दाबायचे. पुढे कंबर गेली, गाडी विकली, पण डोळे रस्त्यावरच राहिले. जेवताना पोळी वाढायला उशीर झाला तर हात आपोआप डावीकडे गिअरचा दांडा शोधायचा, असं काकू सांगायच्या.

मी फिजिक्स शिकवतो. शिवाय गाड्यांचे व्हिडिओ पाहण्यात माझ्या आयुष्याचा बराच भाग गेला आहे. एवढं भांडवल एखाद्याला असह्य करायला पुरेसं असतं. गुलाबराव गाडी पुसत असले की मी कुंपणावरून सुरू व्हायचो.

“काका, या गाडीचा गिअरबॉक्स डोळ्याची पापणी लवायच्या आत गिअर बदलतो. माणूस कितीही तरबेज असला तरी मशीनच्या पुढे जाऊ शकत नाही. दांडा डी मध्ये, ऑटोमॅटिकवर टाका आणि निवांत बसा.”

“डी मधी टाकल्यावर चालवते कोन?”

“गाडीच चालवते.”

“मंग म्या तिच्यात काय पावना हाओ?”

“अहो, तिला कळतं ना सगळं.”

“कयते. पन मांगून कयते,” ते फडकं पिळत म्हणायचे. “चढ लागल्यावर तिले चढ कयते. खड्ड्यात गेल्यावर खड्डा कयते. मले दुरून दिसते ना, सर. गाडीले डोये कुठी हायेत?”

मी आवाज वाढवला. त्यांचा एक शब्द मला आजही आठवतो, कारण मी तो वर्गात पोरांना हसवायला वापरला होता: मांगून.

एका रविवारी त्यांनी मला हाक मारली. “सर, मोकये असान तं चला. जरा काम हाय.” काम असं होतं की मी मागच्या सीटवर डाव्या हाताला बसायचं आणि पाण्याने काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला हातात धरायचा. गाडी अकोल्याच्या रस्त्याने पूर्णेच्या पुलापर्यंत जाणार. आमच्याकडचा रस्ता काळ्या मातीवर बसलेला. उन्हाळ्यात माती भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि वरचं डांबर नुसतं हेलकावे खातं. गुलाबरावांच्या मांडीवर एक वही होती. तिच्यात लिहिलेलं, ‘बाभळीपाशी तिसरा. वीटभट्टी, दुसरा. शाळेचा ब्रेकर, पहिला, तिरपी काढणे.’ सबंध रस्त्याची अशी नोंद. मी ती वाचून पोट धरून हसलो.

“आन् म्या गिअर सांगितला का तुमी हं म्हना,” ते म्हणाले.

“का हो? मी काय गोष्ट ऐकतोय, हुंकार द्यायला?”

“म्हना तं खरं.”

मी नाही म्हणालो. फिजिक्सच्या माणसाने एवढं खाली येऊ नये असं मला वाटलं. ते ‘तिसरा’ म्हणायचे, थांबायचे, आरशात माझ्याकडे बघायचे, मी खिडकीबाहेर बघायचो, मग ते कान ओढायचे. पुलापर्यंत पेल्यातलं पाणी दोन-तीनदा सांडलं, आणि दरवेळी त्यांनी गाडी थांबवून वहीत खूण केली.

येताना मी हट्टाने स्टिअरिंग घेतलं. ते मागे बसले, त्याच जागी, तोच पेला धरून. मी गाडी डी मध्ये टाकली. पुलाच्या चढावर पुढे ट्रॅक्टर होता, त्याला ओलांडायला मी जरा पाय दाबला, आणि गाडी स्वतःच्या बुद्धीने दोन गिअर खाली उतरून अशी काही उसळली की सगळा पेला गुलाबरावांच्या पायजम्यावर.

“पण वेळ बघा काका! चार मिनिटं आधी पोचतो आपण.”

त्यांनी पायजमा झटकला. मग म्हणाले, “पानी होतं म्हनून बरं झालं.”

स्टाफरूममध्ये मी हा किस्सा निदान चार वेळा सांगितला.

त्याहून वाईट पुढचं आहे. एका सकाळी काकू मागच्या सीटवर आडव्या झाल्या होत्या, पांघरूण गळ्यापर्यंत. गुलाबराव फाटक लावत होते. मी दात घासत ओट्यावरून ओरडलो, “काय काकू, महाराणीसारख्या लोळत निघालात! रोज रोज बहिणीकडे? कधी पुढच्या सीटवर बसून काकांना सोबत द्या की!”

काकू हसल्या. “मले मांगंच बरं वाटते, सर,” म्हणाल्या. इतक्या नीट हसल्या की मला वाटलं, माझा विनोद जमला.

मे महिन्याच्या शेवटी मला पेपर तपासायला अकोल्याला जायचं होतं आणि माझी एसटी चुकली. ऊन आठ वाजताच डोक्यात शिरत होतं. निळी गाडी निघताना दिसली आणि मी आडवा गेलो. गुलाबराव अडखळले. “सर, आज... तुमाले उशीर होईन. आमी सावकाश जातो.” मागून काकूंचा आवाज आला, “येऊ द्या न त्याइले. केव्हा तरी कयनंच हाय.”

मी पुढे बसलो आणि मागे वळून पाहिलं. सीटवर गादी, कमरेभोवती तीन उशा, आणि काकूंचा हात वरच्या कडीला. त्या हातात बांगडी राहत नव्हती म्हणून दोरा गुंडाळून घट्ट केली होती. तेवढ्यावरून मला सगळं समजलं असं नाही, पण विनोद करायची इच्छा मात्र गेली.

गाडी निघाली. बाभूळ आली.

“तिसरा,” गुलाबराव म्हणाले.

“हं,” मागून काकू म्हणाल्या. मग त्यांनी कान ओढला.

वीटभट्टी आली. “दुसरा.” “हं.” त्या हं च्या आधी कडीवरची बोटं आवळायची आणि श्वास आत घेतलेला ऐकू यायचा. एकदा हं यायला उशीर झाला. गुलाबरावांनी गाडी तशीच कडेला नेऊन थांबवली, मागचा ट्रक हॉर्न वाजवत राहिला, पण हं आल्याशिवाय त्यांनी गिअर बदलला नाही. पन्नासएक किलोमीटरला दोन तास लागले.

दवाखान्यात काकूंना आत नेल्यावर आम्ही दोघं बाहेर लिंबाखाली उभे राहिलो. पेपर तपासायचं मी विसरून गेलो होतो.

“मनक्यात उतरलं हाय,” ते म्हणाले. “रेडिएशनचा शेक देऊन राह्यले. डॉक्टर म्हनते, त्यानं दुखनं कमी होईन. वाचाचं काई नाई त्यात.”

“काहून सांगितलं नाही, काका?” नकळत मीही त्यांच्याच बोलीत बोललो.

“तिनंच मना केलं. लोकं पाहाले येतात, रडतात, आन् मंग तिलेच त्याइची समजूत काढा लागते. म्हने, मले तेवढी ताकद नाई.” ते गाडीकडे बघत राहिले. “जीप करून पाह्यली. अँब्युलन्स केली, त्यात तं दोन दिवस उठली नाई. ह्या गाडीची सीट पाठीले बरी धरते. पन डी मधी टाकली का तिचा घात होते, सर. झटका तं बसतेच. म्या कितीई कान ओढले तरी बसतेच. फक्त सांगून आला तं तिले दम धरता येते. गाडीनं आपल्या मनानं बदलला तं तिले कोन सांगन?”

मला माझी लाज वाटली. पापणी लवायच्या आत गिअर बदलणारं यंत्र, त्याची सगळी आकडेवारी, माझा तो रविवार, सगळ्याची. मी म्हणालो, “काका, मी त्या दिवशी हं म्हणायला हवं होतं.”

“तुमाले काय मालूम,” ते म्हणाले, आणि खिशातली वही काढून आज कुठे उशीर झाला ते लिहू लागले.

शेक संपला. दुखणं खरंच थोडं कमी झालं, आणि काकू जूनमध्ये दोनदा अंगणात खुर्ची टाकून बसल्या. मग पुन्हा पडल्या. आता मी रविवारी स्वतःहून पेला भरून गाडीत बसायला तयार होतो, पण कुठे जायचंच राहिलं नव्हतं. पोळा झाला आणि चार दिवसांनी काकू गेल्या. प्रशांतला तिकीट मिळालं ते पाचव्या दिवसाचं. अंत्यविधी त्याने फोनवर पाहिला. फोन मीच धरला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी राख सावडली. अस्थी पूर्णेत सोडायच्या होत्या. नातेवाईक जीपने पुढे निघाले. मडकं कोण धरणार अशी कुजबुज चालली होती, तेव्हा गुलाबराव म्हणाले, “सर धरतीन. त्याइले ती सीट मालूम हाय.”

मी मागे डाव्या हाताला बसलो. उशा अजून तिथेच होत्या. पांढऱ्या फडक्याने तोंड बांधलेलं मडकं मांडीवर घेतलं. अजून कोमट होतं. गुलाबरावांनी गाडी सुरू केली आणि मी पाहिलं, त्यांनी दांडा डी मध्ये टाकला.

“आता जाऊ दे तिच्या मनानं,” ते म्हणाले. “आता कोनासाठी.”

गाडी निघाली. बाभूळ गेली, वीटभट्टी गेली, त्यांनी एकही गिअर पुकारला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगच्या माथ्यावर, कानांपासून लांब. गेल्या तीन दिवसांत ते रडले नव्हते. आल्यागेल्याला चहा विचारत होते, चुलीला लाकडं आहेत का बघत होते. गल्लीतल्या बायका म्हणत, म्हातारा घट्ट आहे.

पुलाच्या अलीकडे चढ लागला. गाडीने आपल्या हिशेबाने एक गिअर खाली घेतला आणि थोडी उसळली. अगदी थोडी. माझ्या मांडीवर मडकं हललं आणि आत काहीतरी एकमेकांवर वाजलं.

गुलाबरावांनी ब्रेक मारला. मी त्यांना कधी असा ब्रेक मारताना पाहिलं नव्हतं. गाडी कडेला उभी राहिली. त्यांनी कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

“लागलं असन ना तिले,” ते म्हणाले. “म्या सांगितलंच नाई.”

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता, पण मडकं सोडता येत नव्हतं. जीप पुलावर थांबली. कोणीतरी उतरून आमच्याकडे बघत होतं. बऱ्याच वेळाने गुलाबरावांनी तोंड पुसलं, दांडा डी मधून काढला आणि गाडी हळूच रस्त्यावर घेतली. दोन्ही हात पुन्हा कानांवर आले. चढ समोर होता.

“दुसरा,” ते म्हणाले.

आणि थांबले. गाडी पहिल्या गिअरमध्येच हळूहळू सरकत होती. ते आरशात बघत नव्हते, समोरच बघत होते. मागून कोणी काही म्हणेल म्हणून थांबलेले होते, की नुसती सवय होती, मला माहीत नाही. मी मडकं दोन्ही हातांनी पोटाशी धरलं.

“हं,” मी म्हणालो.

त्यांनी उजवा कान ओढला, गाडी सुटली, आणि आम्ही पुलावर चढलो.